शून्य कुठे धरला, ते सांगा

पावसाळ्यात सांगलीकर आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी विचारतात. ४५ फूट म्हणजे धोका. हे फूट समुद्रसपाटीपासूनचे नाहीत. पुलाजवळच्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे आहेत आणि पाणी किती चढले हे कळायला तेवढे पुरते. अलमट्टी धरणाची ५१९.६० मीटर ही पातळी मात्र समुद्रसपाटीपासूनची. दोन्ही आकडे जुळवायचे तर आयर्विनचा शून्य किती उंचीवर आहे हे आधी माहीत हवे. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांत बी.एस्सी.ला क्वांटम यांत्रिकी शिकवताना ऊर्जेच्या शून्याविषयीही असेच स्पष्ट सांगितले जावे, असे माझे ठाम मत आहे.

स्थिर इलेक्ट्रॉनमध्येही, केवळ वस्तुमानामुळे, सुमारे ५,११,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. हायड्रोजनमधून त्याला सोडवायला १३.६ पुरतात. श्रोडिंगरच्या १९२६च्या समीकरणातून हा लहान आकडा निघतो. मोठा तिथे दिसतच नाही, कारण ऊर्जेचा शून्य त्या आकड्यापाशीच धरलेला असतो. तो वगळणे योग्यच आहे. वस्तुमान बदलत नसेल तर ही ऊर्जा प्रत्येक पातळीत सारखीच मिळवली जाते, तरंगफलनाची फेज सगळीकडे एकाच दराने जादा फिरते आणि वर्णपटाच्या रेषा तर पातळ्यांमधल्या फरकावरच ठरतात.

उत्तर बदलत नसेल तर विद्यार्थ्यावर हे ओझे कशाला, असा आक्षेप येईल. पण त्याच विद्यार्थ्याला आपण आधीच्या धड्यात द ब्रॉय यांची तरंगलांबी शिकवलेली असते आणि तिचा उगम याच ऊर्जेत आहे. १९२४च्या प्रबंधात द ब्रॉय यांनी स्थिर कणाच्या ऊर्जेला एक कंपन जोडले. कण धावू लागला की सापेक्षतेनुसार त्या कंपनाच्या काळात जागेप्रमाणे फरक पडतो: वेग गुणिले अंतर, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. फरक अतिसूक्ष्म, पण त्याला स्थिर ऊर्जेने गुणले की प्रकाशवेगाचा वर्ग उडतो आणि संवेग गुणिले अंतर उरते. तोच तरंग. इतकी मोठी ऊर्जा वगळूनही तिची खूण मंदगती सिद्धांतात राहते, हे मला या विषयातले सर्वांत सुंदर सत्य वाटते.

सापेक्षता अजून शिकवलेली नसते, असेही कोणी म्हणेल. पण न्यूट्रॉनचा ऱ्हास अणुकेंद्राच्या धड्यात येतोच. न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या स्थिर ऊर्जांत १२.९ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक आहे, त्यातले ५.१ लाख नव्या इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानात जातात आणि उरलेले ७.८ लाख बाहेर पडणाऱ्या कणांची गतिज ऊर्जा होतात. इथे कणच बदलतो, म्हणून प्रत्येकाचा शून्य वेगळा धरून हिशेब लागत नाही. शून्य कुठे धरला हे सांगायला नवा पेपर लागत नाही. श्रोडिंगरचे समीकरण फळ्यावर लिहिण्याआधीची दहा मिनिटे पुरतात.