पाचोळा जाळूं नये

माघ-फाल्गुनांत आमच्या पिंपरी-चिंचवड व चाकण भागांत पानगळ सुरू झाली, कीं कारखान्यांच्या आवारांत, रस्त्यांच्या कडेस आणि शाळांच्या मैदानांवरहि पाचोळ्याचे ढीग पेटूं लागतात. तो धूर दम्याच्या मुलांस किती जाचतो, हें आम्ही वर्गांत पाहतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हींहि असाच ढीग पेटवून शेकोटीची मौज केली, हें कबूल केलें पाहिजे. आज मात्र तें करणें चूक आहे, असें आमचें ठाम मत झालें आहे.

यावर पुष्कळांचा प्रश्न असा : "वाळलेला पाला आपोआप कोठें कुजतो? मग जाळूं नये तर करावें काय?" प्रश्न रास्त आहे; म्हणून कुजणें म्हणजे काय, हें आधीं पाहूं.

बुरशी व सूक्ष्म जंतु पाल्यावर आपली गुजराण करितात, त्यासच आपण कुजणें म्हणतों. उष्णतामान १० अंशांनीं वाढलें, कीं त्यांचें काम साधारणतः दुप्पट वेगानें चालतें. कॅनडा, सैबेरिया येथील थंड अरण्यांत जमिनीवर मॉस नांवाच्या शेवाळाचा जाड थर असतो. थंडीमुळें, आणि त्यांत नत्र थोडें असल्यामुळें, हें शेवाळ मेल्यावरहि फार सावकाश कुजतें. वर्षानुवर्षें सांचलेल्या त्या थरांत कर्बाचा मोठा सांठा आहे. हवामान तापत गेल्यास तो लवकर कुजून कर्बवायूच्या रूपानें हवेंत जाईल, अशी शास्त्रज्ञांस काळजी वाटते.

आपल्याकडे उष्णतेस तोटा नाहीं. उणीव आहे ती ओलाव्याची. चाकण ज्या खेड तालुक्यांत आहे, त्याच तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकराचें रान आहे. तेथें आषाढ-श्रावणांत खोडांवर शेवाळ चढतें आणि पायांखालचा पाला मऊ, काळा होऊन मातीस मिळतो. कुजतांनाहि कर्बवायु निघतो, हें खरें; परंतु कांहीं कर्ब मातींत राहून तिचा कस वाढवितो. जाळल्यानें हातीं येते ती चिमूटभर राख.

तेव्हां ओलावा आपणच द्यावा. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें हीच युक्ति सिद्ध केली : पाला व शेण यांचे थर रचावे, पाणी शिंपावें, अधूनमधून ढीग उलथावा. ढीग आंतून ६० अंशांच्या आसपास तापतो आणि सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. हात धुण्याच्या नळाचें वाहून जाणारें पाणी त्यास पुरे.

पिंपरीस तर बुरशीची थोरवी सांगावयास नको. १९५४ सालीं येथें स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यानें बुरशीपासूनच पेनिसिलिन काढून रोग्यांस जीवदान दिलें. त्याच गांवानें बुरशीच्या तोंडचा घास काडेपेटीस द्यावा काय?

उघड्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या नियमांनीं मनाई केली. परंतु दंडाच्या भीतीपेक्षां समजुतीनें केलेलें काम टिकतें. विद्यार्थी-बंधुभगिनींनो, यंदा मैदानाच्या एका कोपऱ्यांत ढीग रचूं या, आणि जूनमध्यें शाळा उघडेल तेव्हां त्याच खतांत पहिलें रोप लावूं या.