एकरंगी म्हणजे साधं नव्हे

शब्दांचा माग

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलमध्ये दुपारभर उभा होतो. अंगावर वाफ येत होती, ओल्या पॉलिस्टरचा वास नाकात भरला होता, आणि जेट मशीनमधून डाळिंबी कापड बाहेर पडत होतं. डाईंग मास्तर मूळचे शहाद्याकडचे. त्यांनी कापडाचं टोक खिडकीशी नेलं, सरळ धरलं, तिरकं धरलं, मग घडी घालून ते ताक्याच्या मधल्या भागाला लावून पाहिलं. पाच मिनिटं तोंडातून शब्द नाही. मी विचारलं, "आप्पा, यावर आता काय छापणार?" ते म्हणाले, "काहीच नाही. हाई प्लेन शे."

त्या 'प्लेन'पाशी मी अडकलो. रंग सगळीकडे सारखा बसला की नाही, हे पाहायला ज्या माणसाने जीव डोळ्यांत आणला, त्याच्याच तोंडी त्या कापडाचं नाव असं, की जणू त्यावर काही झालंच नाही. प्लेन म्हणजे नक्षी नसलेलं. दुकानात त्याचं मराठी होतं 'साधं'. "साधी दाखवू की डिझाइनची?" असं दुकानदार विचारतो, आणि साधीची किंमत ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, "साधीला एवढे?" त्या प्रश्नातला अर्धा दोष शब्दाचा आहे.

मराठीत यासाठी चांगला शब्द आहे, एकरंगी. जे नाही त्यावरून तो वस्तूला ओळखत नाही, जे आहे ते सांगतो. एक रंग आहे, आणि तो सगळीकडे आहे. 'सगळीकडे' हे किती अवघड, ते सुरतेत कळतं.

पॉलिस्टर मुळात पाणी पीत नाही. त्याला रंग चढवायचा तर डिस्पर्स जातीचे रंग घेऊन बंद भांड्यात, दाबाखाली, पाणी १३० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. ताके एकमेकांना शिवलेले असतात आणि ती लांबच लांब माळ दोरासारखी पाण्याबरोबर फिरत राहते. ताप घाईने चढवला तर धागा रंग कुठे जास्त ओढतो, कुठे कमी. सुताच्या दोन वेगळ्या लॉटची बोबिनं एकाच ताक्यात लागली असतील, तर तेही तिथेच उघडं पडतं. ग्रे कापडात ते दिसत नाही. रंग चढला की आडवा पट्टा उमटतो. छापायचं कापड असेल तर फुलापानांखाली असले दोष बरेचसे झाकून जातात. एकरंगी कापडाला लपायला जागाच नसते. मास्तर खिडकीशी गेले त्याचं कारणही हेच. दोन तुकडे ट्यूबलाइटखाली जुळे भाऊ वाटतात आणि उन्हात नेले की परके होतात.

ग्रे हा शब्दही याच बाजारातला. सुरतेत मागावरून उतरलेल्या, न धुतलेल्या, न रंगवलेल्या कापडाला सगळे ग्रे म्हणतात, आणि ते राखाडी नसतं, मळकट पांढरं असतं. इंग्रजी धंद्यात त्याचं 'ग्रेझ' असंही रूप चालतं. ते फ्रेंचमधून आलं, आणि तिथे त्याचा अर्थ कच्चं रेशीम. आपला शब्द कोरं. वही कोरी, कापड कोरं, पाटीही कोरी. कोरं आणि एकरंगी यांच्यामध्ये माणसाची सगळी मेहनत उभी आहे. 'प्लेन' त्या दोघांना एकाच पोत्यात भरतो.

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो घरं आहेत. भुसावळची गाडी नंदुरबारवरून त्यांना इकडे घेऊन आली. मागावर, डाईंगमध्ये, बाजारातल्या गाठोड्यांखाली हीच माणसं. त्यांच्या गावाकडे रंगाचे शब्द कापडाआधी गोठ्यात शिकले जातात. अंगभर पांढरा तो ढवळा, तांबूस तो पवळा, अंगावर दोन रंग आले की बांडा. कपिला म्हटलं की वेगळं 'प्लेन तपकिरी' म्हणावं लागत नाही. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' या म्हणीतला वाण म्हणजे वर्णच. ज्या बोलीला एका रंगाच्या जनावरासाठी इतके शब्द सुचले, तिला कापडासाठी उसना शब्द घ्यावा लागावा, याचं मला वाईट वाटतं.

एकरंगी हा शब्द मेलेला नाही, एवढं खरं. छापखान्यात एकरंगी आणि बहुरंगी मुखपृष्ठ अजून म्हणतात, जरी कामगार 'सिंगल कलर' म्हणत असले तरी. दुरंगी आणि तिरंगी तर निवडणुकीच्या बातम्यांनी जिवंत ठेवले आहेत. जुन्या सिनेमाला मात्र आपण एकरंगी म्हणत नाही, कृष्णधवल म्हणतो. इंग्रजी 'मोनोक्रोम' मूळ ग्रीकमध्ये 'एक रंग'च; तो फोटोलाही चालतो आणि भिंतीलाही. मराठीने तिथे दोन खण केले, आणि ते मला जास्त बारकाईचं वाटतं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा असलेलं चित्र एका रंगाचं कसं म्हणायचं?

दुकानातला दुसरा उसना शब्द 'सेल्फ'. "सेल्फमध्ये दाखवा," असं बायका सहज म्हणतात. इंग्रजीत अंगभर एकाच रंगाच्या फुलाला, कबुतराला सेल्फ म्हणतात. आपल्या दुकानात त्याचा अर्थ सरकून झाला, कापडाच्याच रंगात विणलेली नक्षी. हा शब्द मी हाकलणार नाही. उजेड फिरला की दिसावी आणि फिरला की विरावी, अशी ती नक्षी, आणि सुरतेचं तिच्याशी जुनं नातं. तनछोई या रेशमी कापडाची आख्यायिका इथलीच. एकोणिसाव्या शतकात तीन भाऊ चीनला जाऊन रेशमी विणकाम शिकून आले, आणि त्या तिघांवरून, 'तन' म्हणजे तीन यावरून, नाव पडलं असं सांगतात. काही तनछोईंत जमीन आणि नक्षी यांचे रंग इतके जवळ असतात की बोटाने आधी कळतं, डोळ्याने नंतर. याला अंगच्या रंगाची नक्षी म्हणता येईल. लांब आहे, पण खोटं नाही.

त्याहून जुनं म्हणजे बाफ्ता. सुरतेत १६१३ पासून इंग्रजांची वखार होती, आणि या बंदरातून भडोचकडचं बाफ्ता कापड बाहेर जायचं, पांढरं किंवा नीळ देऊन निळं केलेलं. बाफ्ता हा फारसी शब्द, अर्थ, विणलेलं. बघा, त्या कापडालाही नाव मिळालं ते त्याच्यावर झालेल्या कामावरून.

आपल्याकडे मॅचिंग सेंटरमध्ये एकरंगी कापडाची अख्खी भिंत असते. पूर्वी तिथे आमसुली, मोतिया, अबोली, गुलबक्षी, मोरपिशी, चिंतामणी अशी हाक मारली की हात बरोबर त्याच थप्पीवर जायचा. सुरतेच्या शेड कार्डावर आता आकडे आहेत. मिलला आकडा हवाच. रंगाचं माप नावाने धरता येत नाही. पण कार्डावर आकड्याशेजारी नावाला जागा असते, आणि ती रिकामी असते.

आणि एक नाव तर नुसतं रंगाचं नाही, अख्ख्या एकरंगी लुगड्याचं आहे: चंद्रकळा. काठ असोत, अंग सगळं एकाच गडद रंगाचं, बहुधा काळं. संक्रांतीला नव्या सुनेच्या अंगावर, त्यावर हलव्याचे पांढरे दागिने. सुरतेतल्या रिंग रोडच्या बाजारातून महाराष्ट्रात येणाऱ्या गाठींत आता अशा काळ्या साड्याही असतात, आणि त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं 'प्लेन ब्लॅक'. सुरतेत बसून चिठ्ठ्या लिहिणारी कितीतरी पोरं मराठी आहेत. संक्रांतीच्या मालाच्या गाठी बांधताना त्यांनी तिथे चंद्रकळा लिहावं. उघडणारी बाई ते वाचेल.

— तापीकर