एक शनिवार-रविवार पिशोरला द्या

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार केलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून सांगतो, मर्यादेनं अफवेचा वेग कमी होतो. खातरजमेची सवय मात्र माणसानंच माणसाला लावावी लागते.

म्हणून दोस्तांनो, एक शनिवार-रविवार पिशोरमध्ये शिबिर घेऊ. जुना फोटो नवा म्हणून फिरतोय का, हे गूगल लेन्सवर कसं तपासायचं ते आपण दाखवू. गावात कुणाच्या शब्दाला वजन आहे, हे गावकरी आपल्याला शिकवतील. पुढच्या अफवेतला अनोळखी माणूस आपल्यापैकीच कुणी असू शकतो.