ओसाड जागेची दंतकथा

वसई रोड स्टेशनच्या आसपास वसलेल्या नवघर-माणिकपूरविषयी एक समज रूढ झाला आहे. येथे पूर्वी काही नव्हते, जमीन ओसाड होती, इमारती आल्या आणि गाव जन्मास आले, असे सांगितले जाते. खेदाची गोष्ट ही की, आपल्या घरांतील शिकलेली मुलेही ते खरे मानू लागली आहेत. आम्हांला हा समज साफ नामंजूर आहे.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली, पुढे इंग्रज आले. राज्ये बदलली, भातशेती, केळीच्या व पानवेलींच्या वाड्या आणि मिठागरे यांवर राबणारे हात मात्र येथलेच राहिले. रेल्वे आल्यावर याच वाड्यांतील फुले-भाजी मुंबईच्या बाजारी जाऊ लागली. ही भूमी ओसाड कशी?

हा वाद केवळ शब्दांचा नाही. जागा ओसाड ठरली की तिच्यावरचे काहीही बुजवण्यास मोकळीक मिळते. पावसाचे पाणी साठवून बागायत जगवणारी बावखले अशीच मातीखाली गेली. १९९० मध्ये येथील नियोजन सिडकोकडे आले, २००९ मध्ये महानगरपालिका झाली. हरित वसईच्या चळवळीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आदींनी धोक्याची जाणीव करून दिली, तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हटले गेले. जुलै २०१८ च्या पावसात घरांत पाणी शिरले, मिठागरांत माणसे अडकली. पाण्याने आपली जुनी जागा ओळखली होती.

मुंबईत निवारा न मिळालेल्यांनी जावे कोठे, असा प्रश्न केला जातो. तो रास्त आहे. नवागत आमचे शेजारी आहेत आणि शेजारधर्म आम्हांला ख्रिस्ताने शिकवला आहे. परंतु पाण्याची वाट अडवून उभारलेले घर प्रथम त्या शेजाऱ्यालाच बुडवते.

आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांत धर्मगुरूंची यादी व मंदिराच्या बांधकामाच्या तारखा असतात. बावखलाचे नाव क्वचितच आढळते. यापुढे प्रत्येक धर्मग्रामाने वृद्धांना विचारून आपल्या हद्दीतील बावखले, विहिरी व ओहोळ यांची नोंद करावी, उरलेली राखण्यासाठी पालिकेकडे लेखी मागणी करावी आणि त्या कामात इमारतींतील नव्या कुटुंबांनाही सामील करून घ्यावे. आपल्या गावाचा इतिहास आपण लिहिला नाही, तर जमीन विकणारे तो लिहितील.