वस्तादाचा पगार

मराठीत ‘तालीम’ म्हटलं की लाल माती, लंगोट आणि जोर-बैठका आठवतात. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. शब्द एकच, अरबीतून आलेला. तालमीतला ‘वस्ताद’ हाही आपला उस्तादच. मी या दोन्ही भाषा शिकवतो. वर्गात हे सांगितलं की मुलांना गंमत वाटते. पण गमतीच्या पुढे एक प्रश्न आहे. भाषेनं मैदान आणि मदरसा एका शब्दात बांधले होते, मग आपण ते वेगळे का केले? वर्गातल्या उस्तादाला महिन्याचा पगार आहे. मैदानावरच्या वस्तादाला काय आहे? शाल, नारळ आणि गॅदरिंगच्या दिवशी मागच्या रांगेतली खुर्ची.

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. श्रीरामपूरचा झहीर खान कोणाला माहीत नाही? ९२ कसोटींत ३११ बळी, २०११ च्या विश्वचषकात २१ बळी. मोहल्ल्यातलं लहान पोरही हे सांगेल. पण सतरा वर्षांचा झहीर मुंबईला गेला, तेव्हा नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये त्याला घडवलं कोणी, हे विचारलं की शांतता पसरते. ते सुधीर नाईक. १९७०-७१ मध्ये सुनील गावसकर आणि इतर मोठे खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असताना नाईकांच्या नेतृत्वाखाली मुंबईनं रणजी करंडक जिंकला. पुढे त्यांनी वानखेडेची खेळपट्टी सांभाळली. २०२३ मध्ये ते गेले. आपल्या जिल्ह्यानं त्यांची आठवण किती काढली, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

आपल्याकडच्या मोठ्या प्रशिक्षकांच्या आयुष्यात एक समान धागा दिसतो. रमाकांत आचरेकर सर स्टेट बँकेत नोकरी करत आणि शिवाजी पार्कवर मुलं घडवत. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम तर शाळामास्तर होते. त्यांच्या प्रशिक्षणाखाली भारतानं १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. जकार्ताच्या त्या शेवटच्या सुवर्णानंतर वर्षभराच्या आत कर्करोगानं त्यांचा इंतकाल झाला. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण भारताला आजवर मिळालेलं नाही. त्यांच्यावरचा ‘मैदान’ हा चित्रपट यायला २०२४ साल उजाडलं.

या माणसांचा त्याग मोठा आहे, याबद्दल वाद नाही. पण त्यागावर उभी राहिलेली व्यवस्था कोणाला परवडते, हेही पाहिलं पाहिजे. दिवसभर बँकेत किंवा शाळेत काम करायचं, संध्याकाळी मैदानावर जायचं, अंधार पडल्यावर घरी यायचं. हे पुरुषाला जमतं, कारण घरी त्याचं जेवण तयार असतं आणि उशीर का झाला म्हणून त्याला कोणी विचारत नाही. आपल्या संगमनेरच्या, राहुरीच्या, नगरच्या मुलीला हे जमणार आहे का? तिला घरातून इजाजत मिळते ती ‘नोकरी’ या एका शब्दावर. शिक्षिका हो, नर्स हो, बँकेची परीक्षा दे. यांतल्या प्रत्येकाला पद आहे, वेळ आहे, पगार आहे. ‘मला कोच व्हायचंय’ म्हणणाऱ्या मुलीच्या हातात अम्मी-अब्बांना दाखवायला काहीच नसतं.

सॉफ्टबॉलचंच पाहा. महाराष्ट्रात हा खेळ शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत खेळला जातो. बेसबॉलचा हा धाकटा भाऊ १८८७ मध्ये शिकागोत जन्मला. दोन बेसमधलं अंतर साठ फूट, म्हणजे बेताचं मैदानही पुरतं. चेंडू हात खालून फिरवून टाकायचा. पूर्ण पँट, टी-शर्ट, टोपी किंवा हेल्मेट असा पोशाख चालतो. ज्या घरांत कपड्यांवरून खेळ बंद पडतो, तिथे हा खेळ सुरू राहू शकतो. आता हीच मुलगी चार वर्षं कॉलेजकडून खेळली, तर पुढे काय? आपलं उत्तर ठरलेलं असतं : दहावी-बारावीला वाढीव गुण मिळाले, नशीब असेल तर खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी मिळेल. म्हणजे खेळाचा उपयोग खेळ सोडण्यासाठी.

अमेरिकेत याच खेळातल्या एका बाईंची कारकीर्द बघण्यासारखी आहे. कॅरल हचिन्स. त्या विद्यार्थिनी असताना, १९७९ मध्ये, मुलांच्या संघासारख्या सोयी मुलींच्या बास्केटबॉल संघाला मिळत नाहीत म्हणून आपल्याच विद्यापीठाविरुद्ध कोर्टात गेल्या. पुढे मिशिगन विद्यापीठात १९८५ पासून २०२२ पर्यंत, सलग ३८ हंगाम, त्या सॉफ्टबॉलच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. १,७०७ सामने जिंकले, २००५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. एका कॉलेजात, एका खेळात, एका बाईनं पूर्ण हयात काढली आणि ती सन्मानानं निवृत्त झाली. यामागे १९७२ चा कायदा होता. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुला-मुलींत भेद करता येणार नाही, असं त्यानं सांगितलं आणि ते मैदानालाही लागू झालं.

मात्र या कहाणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७२ मध्ये अमेरिकी कॉलेजांतल्या मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांना बायका शिकवत होत्या. कायदा आला, पैसा आला, पगार वाढले आणि त्या जागांवर पुरुष येत गेले. बायकांचं प्रमाण निम्म्याच्या खाली घसरलं. म्हणजे नुसतं पद निर्माण करून भागत नाही, त्या पदावर बाई बसेल याची काळजी वेगळी घ्यावी लागते.

आपल्याकडे मुळात पदाचीच बोंब आहे. अनुदानित महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून साधारणपणे एक माणूस असतो. क्रिकेट, कबड्डी, सॉफ्टबॉल, ॲथलेटिक्स सगळं त्याच्याच गळ्यात. शिवाय प्रमाणपत्रांच्या सह्या आणि संघाच्या प्रवासाची बिलंही त्याच्याचकडे. तो माणूस मनापासून काम करणारा असला तरी सॉफ्टबॉलच्या पिचरचं मनगट रोज तासभर बघायला त्याला वेळ कुठून मिळणार?

म्हणून मला दोन गोष्टी सुचवायच्या आहेत. एक, तालुक्यातल्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एका खेळासाठी एक पगारी महिला प्रशिक्षक नेमावी. एका संस्थेला तो खर्च जड आहे, पाच संस्थांना नाही. विद्यापीठानं अशा एकत्र नेमणुकीला मान्यता द्यावी. दोन, आपल्या समाजाच्या शिक्षणसंस्थांनी यात पहिलं पाऊल टाकावं. आपण सत्कार समारंभांवर, मंडपावर, फलकांवर खर्च करतोच. त्यातला काही हिस्सा बी.पी.एड. करणाऱ्या एखाद्या मुलीच्या फीसाठी द्या, आणि ती शिकून आली की तिला आपल्याच शाळेत जागा द्या. बाहेरगावच्या स्पर्धेला संघासोबत बाई जाणार आहे हे कळलं की किती घरांतला नकार होकारात बदलतो, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. एक महिला कोच म्हणजे पंधरा मुलींची इजाजत.

काही जण म्हणतील, नोकऱ्याच नाहीत तिथे खेळाचं काय घेऊन बसलात? पण हीसुद्धा नोकरीचीच गोष्ट आहे. आणि काही जण मुलींनी मैदानावर असावं का, असं विचारतील. त्यांना एवढंच सांगतो : ज्या शहराच्या किल्ल्याच्या तटावर १५९५-९६ मध्ये चांदबिबी उभी राहिली, त्या शहरात हा प्रश्न विचारताना जरा थांबायला हवं. आपल्या प्रत्येक भाषणात तिचं नाव येतं. भाषणात नाव घ्यायचं आणि घरातल्या मुलीला हातात बॅट घेऊ द्यायची नाही, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

खेळाडूचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं, प्रशिक्षकाचं तीस-चाळीस वर्षांचं. एक चांगली खेळाडू घराण्याचं नाव करते. एक चांगली प्रशिक्षक दरवर्षी नव्या पंधरा मुली उभ्या करते. पुढच्या वेळी जिल्ह्यातल्या एखाद्या विजेत्या मुलीचा सत्कार ठरला, तर तिच्या कोचला मंचावर बोलवा. आणि शाल देण्याआधी संस्थाचालकांना विचारा, यांना महिन्याला किती देता?