मावशी, माझी टोपी नाहीये!

शनिवारची दुपार. लेखाची डेडलाइन रविवारची, म्हणजे शनिवारी लिहायचा प्रश्नच नव्हता. त्यात ताई ऑफिसच्या कामानं बेंगळुरूला, जिजू सुट्टी असूनही हिंजवडीला आणि साडेसहा वर्षांचे भाचेसाहेब माझ्या ताब्यात. ताईनं जाताना फ्रिजवर एक यादी चिकटवली होती. पाचवा मुद्दा : 'चिकट काही देऊ नकोस.' मी तिसऱ्या मुद्द्यापर्यंतच वाचलं होतं. (टर्म्स अँड कंडिशन्स शेवटपर्यंत कोण वाचतं हो?)

तर सोफा, कार्टून आणि लोणावळ्याची चिक्की. दहाव्या मिनिटाला आवाज आला, "मावशी, माझी टोपी नाहीये."

मी खुंटीकडे पाहिलं. त्यानं आ करून दाढेकडे बोट केलं.

टोपी म्हणजे क्राउन. कीड आतल्या नसेपर्यंत पोचली म्हणून चार महिन्यांपूर्वी त्याच्या दुधाच्या दाढेवर ट्रीटमेंट करून डॉक्टरांनी चकचकीत स्टीलची टोपी बसवली होती. वर्गात त्यामुळे साहेबांचा भाव भलताच वधारला होता. आता तिथे फक्त झिजवलेला, पिवळट दात.

"गिळलीस का?" खांदे उडाले. सोफ्याच्या उशा उलट्या झाल्या, झाडू फिरला, चिक्कीचा चुरा चाळला. पडलेला दात दुधात ठेवतात हे कुठेतरी वाचलेलं, म्हणून वाटीत दूध काढून तयार. टोपीचा पत्ता नाही. ताईला फोन करायची हिंमत होईना. तिच्या डेंटिस्टबाईंना लावला.

बाई शांत. "खोकतोय? श्वासाला शिट्टीसारखा आवाज? लाळ गळतेय? गिळताना दुखतंय?" नाही, नाही, नाही. "पोटात गेली असेल तर बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत आपोआप बाहेर पडते. श्वासनलिकेत गेली असेल तर मात्र माझ्याकडे यायचं नाही, थेट हॉस्पिटल. धाप लागली तर 108. आणि खाताना ठसका लागला होता का, ते विचार. ठसका थांबला, मूल खेळायला लागलं, म्हणजे सुटलो असं नसतं. एक्स-रे काढावाच लागतो. धातू त्यात दिसतो."

विचारलं. "हो, एकदा ठसका लागला," म्हणाला.

त्या एका 'हो'नं माझे हातपाय गार पडले. टीव्ही बंद, पर्स, रिक्षाचं अ‍ॅप. "चल, हॉस्पिटलमध्ये जायचंय," म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. हळूच त्यानं चड्डीच्या खिशात हात घातला. चिक्कीला चिकटलेली टोपी. आणि ठसका? तो सकाळी पाणी पिताना लागला होता म्हणे.

"मला वाटलं तू आईला सांगशील."

गंमत म्हणजे, हा आईला सांगेल का, याच काळजीत मी होते.

डबीत टोपी घालून आम्ही क्लिनिकमध्ये. (टिश्यूत गुंडाळू नका, ती हमखास कचऱ्यात जाते.) दुधाची वाटी ऐकून बाई खळखळून हसल्या. दूध लागतं ते मुळासकट निखळलेल्या कायमच्या दाताला, स्टीलच्या टोपीला नाही. मग मी माझा दुसरा बेत सांगितला, फेविक्विकचा. या वेळी त्या हसल्या नाहीत. गोंद नाही, आणि घरी नुसती दाबून बसवायचीही नाही, झोपेत सुटली तर पुन्हा तोच घोळ. दुखत असेल तर मुलाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन कधीच नाही.

"दुधाचाच दात ना, नाहीतरी पडणार," मी धाडस केलं. तर ही मागची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हवी! ट्रीटमेंट झालेला दात ठिसूळ असतो, टोपी नसेल तर तुटतो. तो गेला की मागची सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या नव्या दाताची जागा खाते. टोपी नुसती हलायला लागली तरी थांबायचं नाही, खालून अन्न शिरून कीड पुन्हा सुरू होते.

आमचं नशीब, आत कीड नव्हती आणि टोपी वाकली नव्हती. नाहीतर नवीन करावी लागली असती. बाईंनी ती साफ केली, पकडीनं कडा जरा आत घेतल्या, सिमेंट भरलं आणि खट्कन बसवली. कापूस दातात धरून साहेब आरशासमोर पोज देत होते.

रात्री ताईचा फोन. मी सगळं सांगितलं. अगदी सगळं. पलीकडे शांतता. मग एकच प्रश्न.

"यादी कितीव्या मुद्द्यापर्यंत वाचली होतीस?"