साडीचोळी आणि हक्कसोड

आखाजीला खानदेशात लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधले जातात, सांजोऱ्या तळल्या जातात, गाणी होतात. अशाच एखाद्या माहेरपणात भाऊ बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतो. हक्कसोडपत्रावर तिची सही होते, तिला साडीचोळी मिळते आणि सातबाऱ्यावरून तिचे नाव उतरते.

असे का, म्हणून विचारावे तर उत्तर तयार: ‘पूर्वापार शास्त्रच आहे.’ ते शास्त्र कोणते, हे मात्र कोणी उघडून पाहत नाही. चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या कल्याणीत, इ. स. ११०० च्या सुमारास, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. ते साम्राज्य केव्हाच मातीस मिळाले. पण वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जन्मतःच हक्क, हा तिचा नियम इंग्रजी न्यायालयांनी उचलला आणि आमच्या बांधापर्यंत आणून सोडला.

आता गंमत पाहा. तोच विज्ञानेश्वर वाटणीत अविवाहित बहिणीला चतुर्थांश द्या म्हणतो, आणि चतुर्थांश म्हणजे नुसता लग्नखर्च नव्हे, असेही बजावतो! इंग्रजी अमदानीत खानदेशात ‘मिताक्षरे’च्या जवळजवळ बरोबरीने मानला गेलेला नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ तर निपुत्रिक भावाच्या वारसांत बहिणीला आजीच्या लगेच मागे बसवतो. आम्ही मुलाचे पान तेवढे पाठ केले आणि बहिणीचे फाडून टाकले. याला शास्त्रनिष्ठा म्हणतात काय?

कायदा पुढे गेला आहे. १९९४ साली महाराष्ट्राने अविवाहित मुलीला मुलाच्या बरोबरीने सहहिस्सेदार केले. २००५ साली देशाच्या कायद्याने लग्न झालेलीलाही केले. तिकडे गोव्यात, रोमन कायद्याच्या वळणावर गेलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज संहितेने मुलीचा वाटा केव्हाच मुलाएवढा ठरवला होता. मेलेली साम्राज्ये दोन्हीकडे राज्य करतात. आम्ही आमच्या साम्राज्यातले सोयीचे तेवढे राखले, इतकेच.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. पंडितांशी वाद घालण्याची माझी पायरी नव्हे. पण पांझरेकाठची आमची पाच एकर माझ्या एकट्याच्या नावावर कशी आली, हे मला ठाऊक आहे. जळगावकडे दिलेल्या बहिणीला कचेरीत मीच नेले होते, आणि साडीचा रंगही मीच निवडला होता.

यंदा आखाजीला तिच्यापुढे उतारा ठेवला. म्हटले, तुझे नाव पुन्हा लावू. तिने तो न वाचताच घडी करून माझ्या हातात दिला आणि हळूच विचारले, “भाऊ, मंग मन्हं माहेर राही ना?”